घाई कसली?

न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यू सबवेला जलद मार्गिका ठेवली नाही, याबद्दल नियोजनकर्त्यांचे जाहीर अभिनंदन. 1904 साली शहराचा पहिला सबवे धावला तेव्हाची मंडळी भलतीच उतावीळ. पहिल्याच दिवशी चार मार्गिका: दोन धिम्या, दोन जलद!

सेकंड ॲव्हेन्यूची योजना 1929 मध्ये मांडली गेली आणि पहिला टप्पा 2017 च्या एक जानेवारीला सुरू झाला. नवी स्थानके तीन, खर्च सुमारे साडेचार अब्ज डॉलर, मार्गिका दोनच. योग्यच आहे. 88 वर्षे थांबलेल्या प्रवाशाला दोन मिनिटे वाचवून करायचेय काय?

बोरिवली फास्टला लटकणाऱ्यांना हे वैराग्य कळायचे नाही.

शिवाय स्थानकेच मोजकी बांधली की प्रत्येक गाडी आपोआप जलद होते. पुढच्या टप्प्यात एकच बांधावे. गाडी निघण्याआधीच पोहोचलेली असेल.