भिंतीकडे तोंड केलेले स्पीकर

"काकू, काल रात्री तुमच्याकडे बैठक होती का हो? तानपुरे अगदी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होते. नवरा म्हणाला, आपल्याला बोलावलं नाही वाटतं."

"बैठक कसली डोंबलाची! काकांचं नवं खूळ आहे ते. अगं, वळणावरच्या त्या म्हाताऱ्या प्रोफेसरांचं घर मुलाने रिकामं केलं ना, शनिवारी सेल होता. मी गेले होते काचेच्या बरण्या बघायला. बरण्या राहिल्या बाजूला, हे बोसचे 901 घेऊन आले. जोडी! एकेक खोकं गाडीत चढवताना कंबर धरली ती वेगळीच."

"बोस म्हणजे आपल्या शेजारच्या फ्रेमिंगहॅमचे? हेडफोनवाले?"

"तेच. हेडफोन फार नंतरचे गं. कंपनी 1964ची आणि हे स्पीकर 1968चे. तू बघायला ये, हसशील. पुढच्या बाजूला इवलासा एकच स्पीकर आणि मागच्या बाजूला आठ. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे!"

"उलटे ठेवलेत का काकांनी?"

"मीही हेच विचारलं, तर अर्धा तास व्याख्यान झालं. अमर बोस एमआयटीत शिकत होते तेव्हा, 1956 साली, त्यांनी हौसेने भारीतला संच विकत घेतला. आकडे सगळे उत्तम, पण व्हायोलिन लावलं तर कानाला बरं वाटेना. मग याच्यामागेच लागले. सभागृहात आपण बसतो ना, तिथे व्हायोलिनचा आवाज सरळ आपल्या कानात थोडाच येतो, बराचसा भिंतींवरून, छतावरून आपटून येतो. तर घरातही तसाच यायला हवा, म्हणून आठ भिंतीकडे. वडील बंगाली क्रांतिकारक हं, इंग्रजांच्या हातून निसटून अमेरिकेत आलेले. मुलगा पुढे त्याच एमआयटीत प्रोफेसर झाला आणि जाण्याआधी कंपनीचे बहुतेक शेअर एमआयटीला देऊन गेला. असो. मुद्दा काय, मागे उघडी भिंत पाहिजे, साधारण फूटभर अंतरावर. म्हणून माझं पुस्तकांचं कपाट हललं."

"बाई गं! काकू, आमच्याकडे असलं काही चालायचं नाही. आमचा माणूस फ्रीज घेताना गाइड वाचतो, गादी घेताना वाचतो. परवा स्पीकरचा विषय निघाला तर तीन पानं वाचून दाखवली. शेवटी काय, तर बारीकसा साउंडबार घ्या, पैशाच्या मानाने उत्तम."

"वाचू दे गं. मी लायब्ररीत होते तेव्हा कन्झ्युमर रिपोर्ट्सचे जुने अंक सगळ्यात जास्त मागितले जायचे. गाड्यांची पानं तर कुणी ना कुणी फाडून न्यायचंच. माझा त्या मासिकावर विश्वास आहे. 1936 पासून चाललंय, जाहिरात घेत नाहीत, वस्तू स्वतःच्या पैशाने दुकानातून आणतात. नुसत्या स्पीकरांवरची मासिकं बघ, अर्धी पानं स्पीकर कंपन्यांच्याच जाहिरातींची. तिथे कोण कुणाला नावं ठेवणार? पण याच मासिकाने या 901 वर काय लिहिलं होतं, माहितीये?"

"काय?"

"जरा इकडे सरक, पाइपचं पाणी उडतंय. तर 1970 सालचा मे महिन्याचा अंक. चोवीस मध्यम किमतीच्या स्पीकरांची तुलना, आणि खास काही दोन-चार वेगळ्या चौकटीत, त्यात हे. लिहिलं काय, तर यातून व्हायोलिन दहा फूट रुंद वाटतं, पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतो आणि वाद्यं खोलीभर भटकतात. बोससाहेब चिडले. गेले कोर्टात!"

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून. आणि पहिल्या कोर्टात जिंकले. ज्या इंजिनियरने ऐकून लिहिलं होतं त्याला साक्षीत विचारलं, वाद्यं फिरली म्हणजे नक्की कुठे फिरली? तो म्हणाला, दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीवरच मागेपुढे. न्यायाधीश म्हणाले, मग खोलीभर कशाला लिहिलंत? वाचणाऱ्याला वाटेल व्हायोलिन सोफ्यामागून येतंय. म्हणून मासिकाने भरपाई द्यायची. लाख डॉलरच्या वर गं, त्या काळात! मासिक वर गेलं, तिथे निकाल फिरला. मग बोस सुप्रीम कोर्टात. 1984 साली सहा विरुद्ध तीन मतांनी मासिक सुटलं. शब्द चुकला असेल, पण खोटं आहे हे ठाऊक असून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिलंय, असं सिद्ध होत नाही, तोवर शिक्षा नाही, असं कोर्ट म्हणालं. आज इथे कायदा शिकणारी पोरं हा खटला वाचतात. एका स्पीकरची खोड, आणि वर्षानुवर्षं दोघांचे वकील पोसले गेले."

"म्हणजे मासिकाचं बरोबर होतं की नाही? मला नवऱ्याला सांगायला बरं."

"सांगते ना. काल मी किशोरीताईंचा भूप लावला. तानपुरे असे पसरले की खोलीच त्यांची झाली, डोळे मिटले तर भिंत कुठे संपते ते कळेना. मग ताई गायला लागल्या, तर त्या आपल्या सोफ्याएवढ्या रुंद! खोटं कशाला बोलू? मासिकवाल्यांचे कान चांगले होते. पण काका म्हणतात, मला हेच आवडतं. त्यांचंही मला पटतं. जो दोष म्हणून छापला तोच त्यांना हवाय. आता यावर कुठलं गाइड काय करणार? पुढे सत्तरच्या दशकात ते स्पीकरला अचूकतेचे शंभरपैकी मार्क द्यायचे, अगदी दहावीच्या निकालासारखे. वॉशिंग मशीनचं ठीक आहे, कपडे निघाले की निघाले. इथे तुझी खोली, तुझं गाणं, तू कुठे बसतेस, यांचे मार्क कोण देणार?"

"पण मग घेणाऱ्याने करायचं काय? प्रत्येक जण थोडाच तुमच्यासारखं कपाट हलवणार."

"त्याच चौकटीत शेवटी लिहिलं होतं की हे प्रकरण इतकं निराळं आहे की स्वतः ऐका, नवलाई ओसरली की मग पैसे घाला. शहाणा सल्ला की नाही? त्यावर कुणी भांडलं नाही, कारण तो कुणी लक्षातच ठेवला नाही! आणि ऐकायची सोयही होती बरं का. आपल्या केंब्रिजची ती दुसरी कंपनी, एआर, अ‍ॅकॉस्टिक रिसर्च. बंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची आणि लहान खोक्यातून खोल आवाज काढायचा, ही युक्ती त्यांनी 1954 साली बाजारात आणली. त्यांनी हार्वर्ड स्क्वेअरला आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात खोल्या उघडल्या होत्या. जा, बसा, हवं तेवढं ऐका. विकत काही मिळायचं नाही! घ्यायचं तर बाहेर दुकानात जा. 1966 साली अमेरिकेतल्या स्पीकरांच्या बाजारात जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचा होता, म्हणतात. अशी खोली आता कुठे आहे सांग?"

"काकू, मग जुने घेऊ का मीही? तुमच्या प्रोफेसरांच्या घरात अजून काही शिल्लक असेल."

"थांब. जुन्यात अक्कल लागते. गाइड सांगणार आज दुकानात काय आहे ते, पन्नास वर्षांनी कशाचा भुगा होईल ते नाही. वूफरच्या कडेला फोमची पट्टी असते ना, पंधरा-वीस वर्षांत ती झडून जाते. एआरच्या पुढच्या मॉडेलांना तेच झालं, शिवाय मागची आवाज कमीजास्त करायची बटणं गंजून हिरवी होतात. आमचे पहिल्या खेपेचे म्हणून कडेला कापड आहे, वाचले. आणि 901चं खरं मर्म तर वेगळंच. त्याच्याबरोबर एक इक्वलायझरची डबी येते. नऊच्या नऊ स्पीकर साडेचार इंचांचे, सगळे सारखे. खालचा आवाज आणि वरचा आवाज ती डबी उचलून देते तेव्हा कुठे गाणं होतं. ती नसली की नुसता घुसमटलेला आवाज. शनिवारी खोकी मिळाली, डबी नाही! मुलाला विचारलं तर खांदे उडवले."

"मग?"

"मग काय, रविवारी संध्याकाळी फिरायला निघाले तर त्यांच्या दारात 'फुकट न्या' लिहिलेला खोका. वर जुन्या सीडी, खाली वायरींची गुंतवळ, आणि तळाला ती डबी! मी म्हटलं, हे वायरींचं घेऊ का? म्हणाला, खुशाल. काकांच्या हातात दिली तेव्हा चेहरा बघायला हवा होतास. लग्नात एवढे खूश नव्हते."

"आता तरी झालं ना समाधान?"

"कसलं! आज सकाळी चहा घेता घेता विषय काढला, क्लिप्शहॉर्न म्हणून एक असतात. 1946 पासूनचे, आर्कान्सासचे. जवळजवळ माझ्या खांद्यापर्यंत येतील. आणि ते भिंतीला नाही, कोपऱ्यातच लागतात, कोपऱ्याच्या दोन भिंतीच त्यांचा भोंगा पुरा करतात. दोन स्पीकर, म्हणजे दोन कोपरे. आमच्या दिवाणखान्यात मोकळा कोपरा एकच, दुसऱ्यात देवघर."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, देव हलणार नाहीत. तर टेप घेऊन तुमच्या बाजूची भिंत मोजताहेत, पाडता येईल का म्हणून."