मधल्या जोडीचा पैलवान

यात्रेतल्या कुस्त्यांच्या पत्रकावर फोटो छापतात तो शेवटच्या कुस्तीवाल्यांचा. नारळावरच्या कुस्त्या पोरांच्या. आमचे पैलवान या दोन्हींच्या मधे, म्हणजे पत्रकाच्या तळाशी 'व इतर नामवंत मल्ल' या ओळीत राहतात. उमेदवारी संपली, केस पिकले, पण मुक्काम हलला नाही.

लातूरकडचा पैलवान म्हटलं की डोक्यावर आधीच ओझं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, रुस्तुम-ए-हिंदही झाले. काका पवारांना १९९८चा अर्जुन पुरस्कार. आमच्या पैलवानांच्या घरी जिंकलेल्या दोन घागरी आहेत, त्यातली एक गळते. तरी बिराजदारांचं नाव निघालं की "आमच्याकडलेच ते" हे सगळ्यांत मोठ्यानं तेच म्हणतात.

त्यांचं वर्ष यात्रांवर चालतं. मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा, महाशिवरात्रीला लातूरचा सिद्धेश्वर, मग पाऊस पडेपर्यंत गावोगावच्या जत्रा. लोहा, अहमदपूर, उदगीरच्या एसट्या तोंडपाठ. घोटाळा होतो तो माळेगावला. यात्रा आणि येळवस, म्हणजे शेतात जेवायची वेळ अमावास्या, अगदी लागून येतात. शेतात कोपीपुढं भज्जी, उंडे आणि बिंदग्यातली गार आंबील. शेजारच्या शेतवाल्यालाही नाही म्हणायचं नाही. एवढं पोटात घालून पैलवान फडात उतरतात, म्हणून माळेगावात त्यांना आजवर कुणी उचललेलं नाही.

फडात वजनकाटा नसतो, जोड नजरेनं लावतात. खरी कुस्ती पैलवान इथंच मारतात. खांदे पाडून, बारीक खोकत असे उभे राहतात की पंचांना दया यावी. हलकी जोड पदरात पडली की खोकला बंद, छाती बाहेर. मग घासाघीस: "हजाराची लावा की पाटील, पाचशेत काय व्हायलंय?"

हलगी कडाडते. शड्डू ठोकण्यात त्यांना पंचक्रोशीत तोड नाही. एकदा पट काढतात, एकदा घिस्सा दाखवतात आणि नंतर जे पालथे पडतात ते पडतात. वरचा गडी मान वळवतो, कमरेला हिसके देतो, घामाघूम होतो. खाली पैलवान माती धरून निवांत. शेवटी पंच कंटाळतात, कुस्ती बरोबरीत, इनाम निम्मं निम्मं. लोक शिव्या घालतात, पण उठत नाहीत. मोठी जोड दिवस मावळताना लागते. दुपारचं ऊन अंगावर घेऊन तोवर फड भरलेला ठेवायचा कुणी? माझ्या मते कमिटीनं त्यांना या कामाचे वेगळे पैसे द्यायला हवेत.

मागं पुण्याच्या तालमीत तयार झालेला एक पोरगा त्यांच्यासमोर आला. सलामीआधी वाकून पाया पडला.

"मामा, ल्हानपणी तुमची कुस्ती बघितली होती मी."

पैलवान खुलले. "कंची रे?"

"ती बरोबरीत सुटली होती बघा, ती."

"आरं, साल सांग की!"