व्यासपीठाचा तळमजला

व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्या सुमारास इंग्लंडातील पुष्कळशा खेड्यांच्या चर्चमध्ये तीन मजली व्यासपीठ असे. त्याच्या माथ्यावरून पाद्रीसाहेब प्रवचन झोडीत, मधल्या मजल्यावरून प्रार्थना वाचीत, आणि तळमजल्यावर, अवघ्या धर्माचा भार आपल्याच मस्तकावर तोललेला आहे अशा गांभीर्याने, पॅरिशचा क्लार्क विराजमान असे. प्रार्थनेतील उत्तरे वस्तुतः सर्व उपासकांनी द्यावयाची. परंतु त्यांनी त्या कामाचे जणू मुखत्यारपत्रच त्याला करून दिले होते. प्रवचनास आरंभ होताच गहन चिंतनात शिरणारा, क्वचित घोरणारा हा पुरुष नेमक्या क्षणी जागा होऊन असा खणखणीत ‘आमेन’ ठोकी की, परमेश्वराने अर्ज मंजूर केला तो पाद्रीच्या विनवणीवरून नव्हे, आपल्या शिक्क्यावरून, याविषयी निदान त्याला तरी संदेह उरत नसे.

एरवी तो गावचा शिंपी किंवा चांभार. लग्न आणि दफन या दोहोंवर त्याची दस्तुरी ठरलेली असल्यामुळे उपवर कन्या आणि खोकणारे म्हातारे यांच्याकडे तो सारख्याच वात्सल्याने पाही. नोकरी तहहयात, म्हणजे जवळजवळ वतनच. तेव्हा “तीन पाद्री पाहिले, चौथ्याला वळण लावतो आहे,” असे तो म्हणाला तर त्यात उद्धटपणा नसून निव्वळ हकिकत असे.

१८४४ च्या कायद्याने त्याला बडतर्फ करण्याचा अधिकार आर्चडीकन या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याला मिळाला खरा. परंतु त्याचा अंमल खऱ्या अर्थाने संपविला तो ऑक्सफर्डच्या नव्या धर्मोत्साहाने भारलेल्या तरुण पाद्र्यांनी. त्यांनी चर्चच्या सज्जात बसून गायनाला साथ करणाऱ्या सारंगीवाल्यांना रजा देऊन हार्मोनियम आणविला, जुने व्यासपीठ मोडले, आणि पांढऱ्या झग्यांतील पोरांकडून उत्तरे म्हणवून घेतली. क्लार्कनेही हार खाल्ली नाही. पोरांचे ‘आमेन’ संपल्यावर पळभर थांबून तो आपले स्वतंत्र ‘आमेन’ म्हणे.

विवाहाच्या नोंदवहीत साक्षीदार कमी पडला की सही त्याचीच. परिणामी आज पूर्वजांचा माग काढणाऱ्या वंशजांना घराण्याघराण्याच्या लग्नांत तोच एक गृहस्थ हजर आढळतो, आणि हा आपला कोण, या विवंचनेत ते पडतात. खुद्द त्याला विचारता आले असते, तर त्याने नाते खुशाल सांगितले असते आणि त्याबद्दल दस्तुरीही मागितली असती.