टेक्निकली बघायला गेलं तर

आमच्या भाच्याने परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा त्याच्या आत्याने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे पुढे काय, केटरिंग का?" तेव्हापासून बीटेकची चारही वर्षं हा मुलगा लग्नामुंजीत एकच वाक्य बोलत आला : "हॉटेल मॅनेजमेंट वेगळं, फूड टेक्नॉलॉजी वेगळं." आपलं कॉलेज १९७६ पासूनचं आहे, मैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्र संशोधन संस्था तर १९५० सालची, हेही तो सांगतो. नातेवाईक मान डोलावून सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "छान! मग आता काहीतरी करून घाल की आम्हाला."

नेमकं तेवढंच त्याला येत नाही. पोळी लाटली की नकाशा होतो. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवलं की पाश्चराइझ होतं आणि ६३ अंशांवर ठेवलं तर अर्धा तास लागतो, हे तो गॅसपाशी उभा राहून आईला समजावत होता, तेवढ्यात दूध उतू गेलं. "टेक्निकली बघायला गेलं तर," तो ओटा पुसत म्हणाला, "ते सुरक्षित झालंय."

अशी मुलंमुली हल्ली घरोघर आहेत. ओळखायची खूण सोपी. बिस्किटाचा पुडा हातात दिला की आपण फोडतो, ही मंडळी उलटा करतात. मग चौदा आकडी परवाना क्रमांक, मग घटकांची यादी. जे वजनाला सर्वांत जास्त ते यादीत पहिलं, हा नियम एकदा कळला की माणसाचा चेहऱ्यांवरचा आणि जाहिरातींवरचा विश्वास उडत असावा. मोठ्या अक्षरांत 'बदाम' लिहिलेल्या पुड्यावर बदाम अकराव्या नंबरला सापडला, की आमच्या भाच्याला चोर पकडल्याचा आनंद होतो. मात्र व्हॉट्सॲपवर आलेला निरोप वाचून मावशी कापऱ्या आवाजात "अरे, यात ३३० घालतात म्हणे" असं सांगायला लागली, की हाच गडी कंपनीचा वकील होतो. "मावशी, ते सायट्रिक ॲसिड. लिंबात असतं तेच. पिवळा भात करताना तू काय पिळतेस?"

दुसऱ्या वर्षी त्याने रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला. छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र, काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं, साखर किती ते ब्रिक्समध्ये कळतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात डोळा न लावता काहीही खाल्लं गेलं नाही. कलिंगडवाल्याने चाखायला दिलेल्या फोडीचा थेंबही त्याने काचेवर घेतला आणि जाहीर केलं, "सात. फिकं आहे." कलिंगडवाला म्हणाला, "दादा, घ्यायचं तर घ्या, शाळा नका घेऊ."

पण खरा कहर दिवाळीत झाला. तिसऱ्या वर्षाला त्यांना सेन्सरी इव्हॅल्युएशन नावाचा विषय होता. त्याने तीन ताटल्यांत चकल्या मांडल्या, त्यावर ४१७, ६८२, ९३५ असे आकडे चिकटवले आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. बोलायचं नाही, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, दोन चकल्यांच्या मध्ये पाण्याने चूळ भरायची आणि १ ते ९ गुण द्यायचे. ९ म्हणजे अतिशय आवडली, १ म्हणजे अतिशय नावडली, ५ म्हणजे आवडलीही नाही, नावडलीही नाही. काकांनी "मध्ये चहा चालेल का?" विचारलं, त्यांना गप्प करण्यात आलं. आजीने मात्र तिन्ही मोडून बघितल्या, पहिलीचा तुकडा तोंडात टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "ही विकतची. ही धाकटीची, मोहन कमी पडलंय. आणि ही माझी."

"आजी, पॅनेलिस्टने ओळखायचं नसतं!"

"मग काय आंधळ्यासारखं खायचं?"

आजी बाद झाली. धाकट्या काकूंच्या चकलीला सरासरी ५ मिळाले. हा आकडा शास्त्राच्या दृष्टीने तटस्थ आहे हे त्यांना पटवता पटवता भाऊबीज आली.

मागच्या वर्षी एका लग्नात त्याने दहीवड्याच्या भांड्यापाशी उभं राहून आमच्या बाजूच्या सगळ्यांना अडवलं. सकाळपासून बाहेर आहे, ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान म्हणजे जंतूंची चैन, कोणी हात लावू नका. आम्ही लावला नाही. व्याह्यांकडच्यांनी दोन-दोन वाट्या खाल्ल्या. कोणालाही काहीही झालं नाही. त्याचं त्याला अजून थोडं वाईट वाटतं.

शेवटच्या सत्रात इनप्लांट ट्रेनिंगसाठी तो एका बिस्किट कारखान्यात गेला. डोक्याला जाळी, पायात गमबूट, आणि दाढीचा हौशी असल्यामुळे दाढीलाही जाळी. तो फोटो आईने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि स्थळं सांगून येणं काही दिवस थांबलं. आता तो एका एमआयडीसीत क्वालिटीला आहे, बऱ्याचदा रात्रपाळी. तासातासाला लाइनवरचं बिस्किट मोडून, वजन करून, ओलावा मोजून, चावून बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. घरी आल्यावर तो बिस्किटाला शिवत नाही. आत्याचा प्रश्न मात्र आता बदललाय : "तुला स्टाफ रेटने मिळत असतील ना रे?"

रजेवर आला की पहिल्या दिवशी फ्रिज उघडतो. कालची आमटी कुठल्या कप्प्यात, कच्चं वर आणि शिजलेलं खाली का, पिठाच्या डब्यावर तारीख का नाही, सगळी झडती होते. आई एक शब्द बोलत नाही. पानात वाढते. झडतीत नापास झालेली तीच आमटी तो उकळी काढून तीनदा घेतो, वर भात मागतो आणि शिळी आमटी मुरल्यावर चव का वाढते याचं कारण सांगायला लागतो. तोंडात घास असल्यामुळे ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

तुमच्याकडे असा कोणी सुट्टीला येणार असेल, तर एवढंच करा : लोणच्याच्या बरणीतला ओला चमचा आधी काढून ठेवा. त्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे.