सील दिसलं!

भाच्यानं कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ पाठवला : "मामा, आज होडीतून सील दिसलं!" निलंग्यात बसलेली त्याची मामी दचकली, "कुणाच्या दुकानाला?" चूक तिची नाही. आमच्याकडं सील म्हणजे लाख, सुतळी आन् सरकारी शिक्का. त्याला मिशा नसतात.

याला होत्या. खडकावर ठिपक्याठिपक्यांचं गुबगुबीत धूड, ओल्या मिशा, अन् डोळे असे, की आत्ता हातउसने मागेल. बाहेर कान दिसले तर तो सी-लायन, ही भाच्यानं घातलेली ज्ञानात भर. अमेरिकेत 1972 च्या कायद्यानं यांना छळायला बंदी. पन्नास यार्ड लांब राहा म्हणतात. माणसं जवळ गेली की ते बिचारं घाबरून पाण्यात उडी घेतं.

लांब राहा, असं आम्हालाही सांगितलं होतं. 2016 च्या मार्चात, पाणीटंचाईत, आमच्या लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम होतं. पाचाहून जास्त माणसं नकोत. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. घाबरून पाण्यात उडी घ्यायची सोय तेवढी आम्हाला नव्हती.

मामीनं व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला. सीलकडं तिचं लक्षच नव्हतं.

"पाणी किती हाय बघा ओ," म्हणाली.