डबीतला गोठा

मनुष्य पाइप का ओढू लागतो, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने एक दिले आहे, मानसशास्त्राने दुसरे, आणि ज्यांच्या घरात पाइप ओढला जातो त्या गृहिणींनी तिसरे. परंतु माझ्यापुरते पाहिले तर त्याचे मूळ राजापूर तालुक्यातील आमच्या गोठ्यात आहे. चार गाई, दोन बैल आणि एक म्हैस असा तो सप्तर्षींचा संसार होता, आणि त्या सप्तर्षींचे शेण काढणे, गव्हाणीत पेंढा टाकणे व मूत्राचा पाट झाडून गायरीपर्यंत नेणे हे काम तीर्थरूपांनी माझ्या मुंजीच्या दुसऱ्याच दिवशी इनाम जमिनीप्रमाणे माझ्या नावे करून दिले होते. फरक इतकाच, की इनाम परत करता येते. त्या गोठ्याचा वास माझ्या सदऱ्याला, वह्यांना आणि बहुधा माझ्या गणितालाही येत असे, कारण मास्तर माझी पाटी तपासताना ती हातभर लांब धरीत.

पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक मला भेटले. ते पाइप ओढीत. वर्गात येण्यापूर्वी ते तो विझवून खिशात घालीत, परंतु त्याचा परिमळ त्यांच्या आधी वर्गात येऊन हजेरीपट उघडून बसलेला असे. पाइप ओढणाऱ्या मनुष्याला शेण काढताना मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. त्यावरून, तर्कशास्त्रातील कोणता तरी मोठा दोष पदरी घेऊन, मी असा सिद्धांत बांधला की जो पाइप ओढतो त्याला शेण काढावे लागत नाही. प्राध्यापकांचा तो परिमळ वस्तुतः वाळल्या गवताचा होता, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. गवत टायच्या मागून येऊ लागले म्हणजे ओळखू येत नाही.

महसूल खात्यात मला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून मी पाइप घेतला. कचेरीतील इतर मंडळी चंची सोडून चुना मळीत असता अव्वल कारकुनाच्या खुर्चीत बसून पाइप भरणे हे शिरस्त्याला सोडून होते, आणि एका मामलेदारसाहेबांनी तर मला, या नळीतून सरकारी काम अधिक वेगाने बाहेर पडते काय, असे तोंडी विचारून त्याचा खुलासा लेखी मागितला होता. तो खुलासा मी दिला. तो दप्तरी दाखल झाला. पाइप चालू राहिला.

एवढी पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे, की गेल्या वर्षी चिरंजिवांकडे अमेरिकेत सहा महिने राहण्याचा योग आला, आणि चिरंजीव राहतात त्या गावाचे नाव डरहॅम. नॉर्थ कॅरोलिना संस्थानातील हे गाव तंबाखूने वसवले, तंबाखूने वाढवले, आणि आता ते तंबाखूला ओळख देत नाही. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या प्रचंड विटकरी वखारी १९८७ साली बंद पडल्या. २००४ पासून त्यांत कचेऱ्या, उपाहारगृहे आणि कारंजी नांदत आहेत, आणि ज्या धुरांड्यावर एका सिगारेटचे नाव अद्याप उभे आहे त्याच्या पायथ्याशी लोक फळांचे रस पितात. ज्या ड्यूक घराण्याने तंबाखूच्या पैशावर १९२४ साली तेथील विद्यापीठाला आपले नाव दिले, त्या विद्यापीठाच्या आवारात आज काडी ओढण्याची सोय नाही. बापाच्या धंद्यावर शिकून मोठा झालेला मुलगा बापाला पाहुण्यांसमोर येऊ देत नाही, असा हा प्रकार; तो मी एके संध्याकाळी चिरंजिवांना बोलूनही दाखवला. चिरंजीव औषधांच्या संशोधनात आहेत. त्यांनी उत्तरादाखल माझ्याशी एक तहनामा केला, तो असा, की पाइप घरात ओढू नये, नातीच्या देखत ओढू नये, मागील दारच्या पायरीवर ओढावा, आणि तोही आठवड्यातून दोनदा, सकाळी. तंबाखू अपायकारक आहे याबद्दल माझे त्यांच्याशी दुमत नसल्यामुळे, आणि पराभूत पक्षाने तहाच्या कलमांवर घासाघीस करू नये हा इतिहासाचा दाखला असल्यामुळे, मी सही केली.

या तहनाम्यात तंबाखू कोणती, याचे कलम नव्हते. ती पळवाट हेरून मी चिरंजिवांनाच घेऊन एका दुकानी गेलो. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, मंद बोलणारा, एखाद्या जुन्या वैद्यासारखा गृहस्थ होता. मी आजवर व्हर्जिनियाच ओढत आलो आहे, असे कळताच त्याने मजकडे, केवळ वरणभातावर वाढलेल्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले आणि फळीवरून दोन औंसांची एक चपटी डबी काढली. यात व्हर्जिनिया आहेच, तो म्हणाला, परंतु तीत सिगारचे पान मिसळले आहे. तेव्हा ओढताना प्रथम वाळके गवत लागेल, मग कमावलेले कातडे, मग ओली माती, आणि शेवटी शेवटी एक फार सुंदर वास येईल. त्या शेवटच्या वासासाठी त्याने जो शब्द वापरला तो मला समजला नाही म्हणून मी चिरंजिवांकडे पाहिले. चिरंजिवांनी घसा साफ केला.

“बाबा, तो गोठा म्हणतोय.”

डबीच्या किमतीचे मी मनात रुपये केले. आमची तांबू गाय त्याहून स्वस्त पडली होती, आणि तिच्यासोबत वासरू होते.

डबी मी घेतली, कारण जिज्ञासा हा माझा दोष आहे, आणि घरी येऊन या मिश्रणाच्या कुळकथेची चौकशी आरंभली. व्हर्जिनिया नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोनेरी पानाचा जन्म मुळात व्हर्जिनियाच्या शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनातला, म्हणजे आम्ही होतो तिथून उत्तरेला मोटारीने सुमारे तासाभराच्या अंतरावरचा, हे कळले तेव्हा आजोळचे नाव लावणाऱ्या काही थोर पुरुषांची मला आठवण झाली. १८३९ साली कॅस्वेल परगण्यात अबिशा स्लेड याच्या शेतावर, तंबाखू वाळवण्याच्या कोठारातील विस्तवावर रात्रभर नजर ठेवण्यास स्टीफन नावाच्या एका तरुण गुलामाला बसवले होते. त्याला डुलकी लागली. जाग आली तो विस्तव विझत आलेला; तेव्हा गडबडून त्याने लोहारकामासाठी पाडलेला कोळसा आणून वर लोटला, कोठारात एकाएकी आच चढली, आणि सकाळी पाहतात तो सगळी पाने हळदीसारखी पिवळीधमक. कामावर असता डुलकी लागल्यामुळे जगाचे काही भले झाल्याचा हा एकमेव अधिकृत दाखला असावा, आणि चौतीस वर्षे सरकारी खुर्चीत काढलेल्या मनुष्याला तो वाचून भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु पुढचा जमाखर्च पाहिला आणि हसू आवरले. पानाला चढलेला भाव स्लेडच्या खाती जमा झाला. स्टीफनला इतिहासात जे आडनाव मिळाले तेही मालकाचेच.

त्या आचेचे मर्म असे, की पाच-सात दिवसांत पान वाळून गेले म्हणजे त्यातील साखर पानातच कोंडली जाते. शेकडा पंधरा-वीस भागांपर्यंत साखर बाळगणारी ही पाने म्हणूनच मधाळ लागतात आणि त्यांना वाळल्या गवताचा वास येतो. सिगारच्या पानाचा आश्रमधर्म याच्या अगदी उलट. ते उघड्या वाऱ्यावर सहा-आठ आठवडे टांगून ठेवतात, तेवढ्यात ते आपली साखर आपणच खाऊन बसते. आणि मग त्या पानांची, किंचित ओलावा देऊन, पुरुषभर उंचीची रास रचतात. रास आतून तापू लागते. उष्णता ५० अंशांच्या आसपास गेली की ती मोडून आतले बाहेर आणि बाहेरचे आत करून पुन्हा रचतात. असे महिनोन्महिने चालते. आणि या काळात त्या राशीतून अमोनिया वायू अशा बेताने निघतो, की वखारीत शिरणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावे.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आतून तापणारी, वाफाळणारी, वरचेवर उपसून पालटावी लागणारी, डोळ्यांना झोंबणारी ही रास मी जन्मभर ओळखत होतो. तिला आमच्याकडे गायरी म्हणतात, घाटावर उकिरडा. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते असे आपले पूर्वज सांगून गेले, परंतु ती फिटून तो कातीव अक्षरांच्या डबीत, दोन औंसांच्या मापाने, काचेच्या फळीवर जाऊन बसेल, याची त्यांनाही कल्पना नसावी.

मग हिशेब आपोआपच जुळला. व्हर्जिनिया म्हणजे गवत. सिगारचे पान म्हणजे शेणमूत्र. आणि दोन्ही एकत्र केली म्हणजे काय होते हे सांगण्यास पांढऱ्या दाढीची गरज नव्हती. मिश्रण करणारे कारागीर सिगारचे पान हिंगासारखे बेताने घालतात, कारण ते जास्त झाले की बाकी सगळ्यांना बोलू देत नाही. गोडव्याला बूड यावे, धुराला वजन यावे, एवढ्यापुरतेच ते असते. आणखी एक खुबी अशी, की सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडातल्या तोंडातच अंगी लागते, तर व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी. म्हणजे वाटीत दोन परस्परविरोधी पक्ष बसवून कारभार सुरळीत चालवायचा, आणि तो चालतो, हे महसूल खात्याला न साधलेले कौशल्य आहे. शेरलॉक होम्सने तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर प्रबंध लिहिला होता आणि आपल्या त्रिचनापल्लीच्या चिरुटाची काळी राख व पाइपमधल्या बर्ड्‌स आय तंबाखूची पांढरी राख यांतील भेद त्याच्या दृष्टीने कोबी आणि बटाटा यांच्यातल्याइतका ढळढळीत होता. परंतु खुन्याने हे मिश्रण ओढले असते तर ते प्रकरण पुराव्याअभावी दप्तरदाखल झाले असते, असे मला वाटते.

आमच्या कुटुंबाला मात्र प्रबंधाची गरज पडली नाही. डबी उघडली तो सकाळचा प्रसंग मी विसरणार नाही. झाकणाच्या कडेला नाणे घालून पीळ देताच आत कोंडलेल्या हवेने एक बारीक सुस्कारा टाकला. वरची घडीची गोल कागदी चकती उचलली. खाली पिवळ्या, तांबूस आणि जवळजवळ काळ्या पट्ट्या, देवळातल्या जुन्या पताकांसारख्या, एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मी अद्याप नाक खाली नेले नव्हते. पलीकडे स्वयंपाकघरात कुटुंब भेंडी चिरीत बसले होते. विळीचा आवाज थांबला.

“अहो,” आतून प्रश्न आला, “पेंढा भिजलाय की काय कुठे?”

आणि मग, आपण समुद्रापार तिसऱ्या मजल्याइतक्या स्वच्छ घरात बसलो आहोत आणि येथे पेंढा असणे संभवत नाही, हे ध्यानात येऊन ती बाहेर आली. चाळीस वर्षे माझ्या पाइपला ती “ते तुमचं मढं” असे म्हणत आली आहे, आणि त्याची डबी तिने कधी दोन बोटांपेक्षा अधिक अवयवांनी धरलेली नाही. त्या दिवशी तिने ती दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटून नाकाशी नेली, आणि काही न बोलता परत दिली.

पाइप भरण्याचा जुना नियम असा, की तंबाखूची पहिली चिमूट लेकराच्या हाताने दाबावी, दुसरी बाईच्या आणि तिसरी पुरुषाच्या. मी मागील दारी पायरीवर बसून तिन्ही भूमिका यथाशक्ति वठवल्या. पहिली काडी ओढली, वर फुगून आलेली तंबाखू दाबली, दुसरी ओढली. आरंभी, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे, गवत आले; मार्गशीर्षातले, उडवी रचतानाचे, उन्हाने तापलेले. घाईने ओढले की व्हर्जिनिया जीभ पोळते, म्हणून मी सावकाश ओढीत होतो. कातडे आले की नाही ते सांगता येत नाही. आमच्याकडे कातड्याची वस्तू म्हणजे बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा, आणि तोच आठवला. अर्धी वाटी जळाल्यावर धूर जड झाला. मग ते आले. पहाटेचे, ओल्या दगडी फरशीचे, कंदिलाच्या उजेडातले. ज्याच्यापासून दूर जाण्यासाठी मी बी.ए. झालो, सरकारची चाकरी केली, तीन खात्यांतर्गत परीक्षा दिल्या आणि हा पाइप तोंडात धरला, ते सगळे त्या नळीतून शांतपणे माझ्या तोंडात चालत आले.

कुटुंब नेहमी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तेही दाराआड उभे राहते. आज ते खालच्या पायरीवर, धुराच्या नेमके वाटेत येऊन बसले होते.

“तांबूला शेवटी कुणाला दिलीत हो?” तिने विचारले.

माझी बदली झाली त्या वर्षी गोठा मोडला होता. मी नाव सांगितले. ती माणसे चांगली होती, असे ती म्हणाली. हिरवा चारा घालीत. मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. वाटी संपत आली, मी पाइप पायरीवर ठोकून राख पाडली, आणि ती उठता उठता पदर सावरीत म्हणाली:

“आता परवा ओढाल तेव्हा सकाळी नका ओढू. मी बोलते त्याच्याशी. संध्याकाळी ओढा, धारेच्या वेळेला.”