टाकीत काय आहे ते सांगा

माझी मोटरसायकल २०११ सालची. जुलैच्या झडीत तीन आठवडे शेडखाली उभी राहिली आणि मग सुरूच होईना. किक मारून पाय भरून आला तेव्हा ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. मेस्त्रींनी कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली, आत बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटावर पांढुरका चिकट गाळ.

"पाणी गेलंय सर," मेस्त्री म्हणाले. "आता पेट्रोलात काय असतंय ते दाखवतो, थांबा."

त्यांनी पाण्याची एक रिकामी बाटली घेतली आणि आम्ही बाहेर उघड्यावर आलो. त्याच सकाळी पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल त्यांनी बाटलीत निम्म्यापर्यंत ओतलं, वरून चार-पाच झाकणं पाणी घातलं. पाणी तळाशी बसलं. त्या पातळीवर बॉलपेननं रेघ मारली, बूच लावलं, बाटली हलवली आणि कट्ट्यावर ठेवून दिली. थोड्या वेळात थर पुन्हा वेगळे झाले. खालचा थर रेघ ओलांडून पेरभर वर चढला होता. बाटलीत कुणी आणखी पाणी घातलं नव्हतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याला जाऊन मिळालं होतं.

माझ्या टाकीत पावसाळ्यात हेच घडलं. झाकणाचं रबर जुनं, तिथून ओल शिरली. थोडं पाणी मिश्रण पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं हातात हात घालून तळाला जातात. आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळालाच असते.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. उसाच्या पट्ट्यात राहतो. कारखान्याला मळीचे पैसे झाले तर शेतकऱ्याचं बिल वेळेवर निघतं, हे डोळ्यांनी पाहिलंय. देशात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये निघाले, त्यांतले दोन आपल्याच मिरजेला आणि मनमाडला होते. इंजिनाच्या दृष्टीनेही इथेनॉल गुणी आहे. त्याचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच वरचा, त्यामुळे जास्त दाबाच्या इंजिनात ते ठोके न मारता जळतं. माझा राग मिसळण्यावर नाही, न सांगता मिसळण्यावर आहे. आणि भाव तोच ठेवण्यावर.

लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या 'ई-२०' पेट्रोलच्या एका लिटरमध्ये जे २०० मिलिलिटर इथेनॉल आहे, ते काम करतं १३० ते १३५ मिलिलिटर पेट्रोलचं. उरलेल्या ६५ ते ७० मिलिलिटरचे पैसे आपण देतो आणि त्या पैशांत गाडी एक मीटरही पुढे जात नाही. या मिश्रणासाठीच बांधलेलं नवं इंजिन वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घेऊन यातला काही भाग भरून काढतं. माझ्या २०११ च्या गाडीला ते जमत नाही.

हे मी गॅरेजात बसून काढलेलं गणित नव्हे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात ते आहे. मुळात साध्या पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज 'ई-२०'वर ६ ते ७ टक्के पडेल, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के, असं त्यात लिहिलंय. आणि त्याच अहवालात हेही आहे की उष्मांक कमी असल्यामुळे अशा इंधनाचा पंपावरचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा. सरकारच्याच आयोगाची शिफारस. २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य २०३० चं होतं, ते २०२५ वर ओढलं आणि गाठूनही दाखवलं. भावाची शिफारस मात्र अहवालातच राहिली.

आता सांगितलं जातं की इथेनॉलच महाग पडतं, भाव कुठून उतरवणार? खरेदीचे दर वाढलेत, हे खरं आहे. मक्यापासूनच्या इथेनॉलला २०२४-२५ च्या हंगामात लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर होता. पण शेतकऱ्याला भाव द्यायचा, परकीय चलन वाचवायचं, हवा सुधारायची, ही तिन्ही कामं देशाची आहेत. त्यांचा खर्च रोज शंभराचं पेट्रोल टाकून घरोघर डबे पोचवणाऱ्या पोराच्या ॲव्हरेजमधून का वसूल करायचा? पेट्रोलवर केंद्राचा कर आहे, राज्याचा आहे. तिथून वळवा.

दाखला ब्राझीलचा देतात. द्या, पण पूर्ण द्या. १९७३ ला तेल भडकल्यावर ब्राझीलनं १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. दहा वर्षांनी साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले, अल्कोहोलच्या गाड्या घेतलेली माणसं पंपावर रांगा लावून बसली. लोकांचा विश्वास उडाला. तो परत आणायला २००३ साल उजाडलं, जेव्हा दोन्ही इंधनं कोणत्याही प्रमाणात चालवून घेणारी फोक्सवॅगनची 'गोल' ही गाडी आली. आज तिथल्या पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळं मिळतं आणि मिश्रित पेट्रोल वेगळं. पाटीवर दोन्हींचे भाव. तिथला गाडीवाला मनातल्या मनात हिशोब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भरायचं, नाहीतर पेट्रोल. मिश्रणात इथेनॉल तिथेही सक्तीचंच आहे आणि आपल्यापेक्षा जास्त आहे. पण माणसाला आकडा माहीत आहे आणि हातात दुसरी नळी आहे.

माझ्या रोजच्या पंपावर एकच शब्द आहे: पेट्रोल.

इंधनाच्या पाटीवर काय लिहिलं नाही, याला फार महत्त्व असतं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी इंजिनाचे ठोके थांबवणारं शिशाचं संयुग शोधलं. अल्कोहोलही ठोके थांबवतं, हे तेव्हाही ठाऊक होतं. पण अल्कोहोलवर कुणाला मक्तेदारी सांगता येत नव्हती, शिशाच्या संयुगावर पेटंट मिळत होतं. ते विकताना नाव ठेवलं 'इथिल'. शिसं हा शब्द नावात नव्हता. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार मेले, तरी विक्री पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडावा लागला, जगातला शेवटचा देश अल्जीरिया २०२१ ला थांबला. इथेनॉल हे शिशासारखं विष नाही, दोघांना एका पारड्यात टाकणं अन्याय होईल. सवय मात्र तीच जुनी आहे. गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही, ही सवय.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंच म्हटलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, आणि तो खर्च किरकोळ आहे. माझं बिल मेस्त्रींनी ६५० रुपये केलं. नळी, गॅस्केट, झाकणाचं रबर, कार्बोरेटर साफ. मला ते परवडलं. गॅरेजातल्या बाकावर एक दूधवाला बसला होता, त्याची गाडी माझ्याहून जुनी. त्याच्यासाठी हा किरकोळ खर्च नाही. त्याचा सकाळचा रतीबही चुकला होता.

इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या आणि पंपावर स्पष्ट लिहा, अशी जनहित याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. म्हणजे कोर्टाचा दरवाजा तूर्त बंद आहे. पण पाटी रंगवायला कोर्टाचा आदेश लागत नाही. तेल कंपन्यांनी मनावर घेतलं तर प्रत्येक नळीवर ठळक अक्षरात 'इथेनॉल २० टक्के' हे एका आठवड्यात लिहून होईल. भावाचं त्याच्या मागोमाग सरकारनं बघावं.

तोवर एवढं करा. गाडी २०२३ च्या आधीची, 'ई-२०'साठी न बांधलेली असेल तर पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे उभी करू नका, झाकणाचं रबर तपासून घ्या. आणि पेट्रोल भरताना मीटरचं शून्य बघता तसं नळीवरच्या माणसाला दरवेळी विचारा, यात इथेनॉल किती? त्याला उत्तर माहीत नसेल तर तक्रारवहीत लिहा. ती प्रत्येक पंपावर असते.